पायरी न गाळता

जुलै १९७४. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच्या तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई येऊन सांगून गेला की मोठ्या मॅडमनी बोलावलंय. रत्नप्रभा आठल्ये यांनी डब्याचं झाकण तसंच लावलं आणि त्या उठल्या. चंदीगढच्या सेक्टर वीसमधल्या त्या हिंदी माध्यमाच्या खासगी शाळेत त्यांना संस्कृत शिकवायला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. नोकरी अजून कायम नव्हती.

मुख्याध्यापिका ग्रेवाल मॅडम कमी बोलायच्या. त्यांनी समोर रत्नप्रभेचाच जुना अर्ज काढून ठेवला होता.

"गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. आठवीचं बीजगणित तुम्ही घ्या. सोमवारपासून."

"मी? मी तर संस्कृतची, जी."

"अर्जात लिहिलंय ना तुम्ही, वडील गणिताचे शिक्षक. तीस वर्षं." ग्रेवाल मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "घरातच होतं की सगळं."

रत्नप्रभेला 'नाही' म्हणायचं होतं. ती "जी" म्हणून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी राहिली. छत्तीस वर्षांची, एका मुलीची आई असलेली बाई, आणि आता शाळेत रडू येईल की काय, अशी वेळ आली होती.

वडिलांबद्दल तिनं लिहिलं होतं ते खरंच होतं. तासगावात रघुनाथ फणसळकर मास्तरांना कोण ओळखत नव्हतं? त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं इंजिनिअर झाली, बँकेत लागली. पण मास्तरांची थोरली मुलगी मॅट्रिकला गणितात काठावर पास झाली होती, आणि ती गोष्ट घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

अण्णांनी तिला कधी मारलं नव्हतं. मारलं असतं तर बरं, असं तिला पुष्कळदा वाटायचं. ते जेवायला बसले की भात कालवता कालवता एखादं उदाहरण घालायचे. धाकटा भाऊ रामकृष्ण घास तोंडात असतानाच उत्तर द्यायचा. रत्नाकडे वळून अण्णा थांबायचे. ती ताटाकडे बघत राहायची. मग ते स्वतःच पटापट सांगायचे, "हे पलीकडे नेलं, चिन्ह बदललं, भागलं, क्ष बरोबर आठ. उघड आहे की." आणि पुन्हा जेवायला लागायचे. त्या 'उघड आहे' या दोन शब्दांनी तिच्या पोटात गोळा यायचा. सगळ्या जगाला दिसतं ते आपल्यालाच दिसत नाही, हे तिनं आठवी-नववीत असतानाच मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

लग्न झालं, चारुदत्तांची बदली इथे केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समन म्हणून झाली, आणि आपण तासगावपासून इतक्या लांब आलो याचं तिला मनातून थोडं बरंच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं पुस्तक चारुदत्तांपुढे ठेवलं. "अहो, एवढं एक जरा सांगता का?"

चारुदत्तांनी चष्मा कपाळावर सरकवला, उदाहरण वाचलं आणि म्हणाले, "आठ."

"पण आठ कसे आले?"

"कसे म्हणजे? पाच क्षमधून तीन क्ष गेले, राहिले दोन. नऊ आणि सात सोळा. सोपं आहे ग." ते चांगले गृहस्थ होते. तिला धीर यावा म्हणूनच ते 'सोपं आहे' म्हणाले. पण रत्नप्रभेनं पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. पुन्हा तिनं त्यांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून तिनं चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशी उभ्या उभ्याच वही उघडली. कुणी बघत नव्हतं. मुलगी ज्योती झोपलेली होती. तिनं उदाहरण लिहून घेतलं.

५x − ७ = ३x + ९

शाळेत ती क्ष शिकली होती, इथल्या पुस्तकात x होता. अक्षर बदललं तरी धडधड तीच. 'पलीकडे नेलं, चिन्ह बदललं.' पण का बदललं? उजवीकडे गेल्यावर वजा सातांना असं काय होतं की ते अधिक सात होतात? तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर कळेल की हिला एवढंही येत नाही.

ती बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिली. मग एक साधा विचार सुचला. डावीकडचे वजा सात नको आहेत. मग त्यात सात मिळवावेत, म्हणजे शून्य उरेल. पण दोन्ही बाजू सारख्या आहेत असं हे 'बरोबर'चं चिन्ह सांगतंय. एका बाजूला सात मिळवले आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या सारख्या कशा राहतील? म्हणून उजवीकडेही सात मिळवायचे.

तिनं लिहिलं:

५x − ७ + ७ = ३x + ९ + ७

आणि त्याखाली:

५x = ३x + १६

आधण उकळून अर्धं झालं होतं. रत्नप्रभेनं स्टोव्ह बंद केला. चिन्ह बदललंच नव्हतं. सात कुठं पलीकडे गेलेच नव्हते. इकडे सात मिळवले, तिकडेही सात मिळवले, एवढंच घडलं होतं, आणि अण्णा, चारुदत्त आणि जगातली सगळी हुशार माणसं ती मधली ओळ लिहीतच नव्हती.

मग दोन्ही बाजूंतून ३x वजा केले, २x = १६ आले. दोन्ही बाजूंना दोनाने भागलं, x = ८. तरी तिचा विश्वास बसेना. तिनं x च्या जागी आठ घालून पाहिलं. पाच आठे चाळीस, वजा सात, तेहतीस. तीन आठे चोवीस, अधिक नऊ, तेहतीस. तिनं दोन्ही तेहतिसांखाली रेघ ओढली.

भीती गेली नाही. भीती जाण्याचा काही संबंधच नव्हता. त्यानंतर रोज पहाटे ती वर्गाच्या एक दिवस पुढचा धडा करायची, एकही पायरी न गाळता. अगदी 'वजा सात अधिक सात बरोबर शून्य' हेसुद्धा लिहायची, आणि प्रत्येक उत्तराचा ताळा घेतल्याशिवाय पान उलटायची नाही. कारण चुकलं तर मुलींना कळेल, मुलींना कळलं तर ग्रेवाल मॅडमना कळेल, आणि मग पत्रातून, कुणाच्या तरी तोंडून, तासगावात कळेल.

सोमवारी वर्गात जाताना तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. बाहेर चंदीगढचा जुलै नुसता उकडत होता. खडू पहिल्याच आकड्याला मोडला. बत्तीस मुली बघत होत्या. तिनं पाठ फिरवून फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि वहीत होतं तसंच, पायरी पायरीनं, मोठ्यानं बोलत गेली. एकदा तिनं अधिकच्या जागी वजा लिहिलं आणि ताळा जुळला नाही म्हणून तिचं तिलाच सापडलं. "चूक झाली. वर जाऊन शोधू या," ती म्हणाली. मुलींना यात काही विशेष वाटलं नाही. तिच्या मात्र ब्लाऊजची पाठ घामानं भिजली होती.

ऑक्टोबरात ग्रेवाल मॅडम न सांगता तिच्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मांडीवर डायरी, हातात पेन. त्या दिवशी उजळणी होती. तिनं फळ्यावर घेतलं तेच, पहिल्या पहाटेचं समीकरण. सगळ्या पायऱ्या झाल्या, x बरोबर आठ आलं.

दुसऱ्या रांगेतली परमजीत उभी राहिली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि सगळ्यात शांत. "मैडम, किताब के पीछे तो एक लिखा है. एक्स बराबर एक."

रत्नप्रभेनं मागची उत्तरं कधी बघितलीच नव्हती, ताळा जुळला की तिचं भागत होतं. आता तिच्या हातातल्या पुस्तकात, छापील अक्षरात, एक होता. छापलेलं चुकीचं असेल हे तिच्या मनातही येईना. मनात आलं ते एवढंच, की झालं, शेवटी पकडली गेले. तीन महिने आपण बत्तीस मुलींना काहीतरी भलतंच शिकवत होतो. शेवटच्या बाकावर पेन थांबलेलं तिला दिसलं.

पळून जावंसं वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण हातात खडू होता आणि तीन महिन्यांची सवय होती. ती म्हणाली, "ताळा करून बघू. दोन्हींचा."

तिनं फळ्याच्या डाव्या अर्ध्यात x च्या जागी एक घातला. पाच वजा सात, वजा दोन. दुसरीकडे तीन अधिक नऊ, बारा. मुलींनी एका सुरात सांगितलं, "बराबर नहीं." उजव्या अर्ध्यात आठ घातला. तेहतीस. तेहतीस.

"बराबर," परमजीत म्हणाली, आणि खाली बसण्याआधी पुस्तक पुन्हा उघडून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मैडम, इन्होंने सात जोड़ा नहीं, घटा दिया."

खरंच तसं होतं. छापणाऱ्यानं की लिहिणाऱ्यानं, कुणीतरी घाईत सात मिळवण्याऐवजी वजा केले होते. दोन x बरोबर दोन. म्हणून एक. ग्रेवाल मॅडम डायरी मिटून उठल्या, दारात थांबून म्हणाल्या, "पुस्तकात दुरुस्त करून घ्या सगळ्यांच्या," आणि गेल्या. आठवड्यानं कळलं की गणिताच्या मॅडम परत येणार नाहीत आणि आठवीचं गणित आता आठल्ये मॅडमकडेच राहील. नोकरीही कायम झाली. घरी चारुदत्तांनी पेढे आणले. रत्नप्रभेनं पेढा हातात घेतला आणि तिला वाटलं, म्हणजे हे आता रोज, जन्मभर.

नोव्हेंबरात रामकृष्णाचं पत्र आलं. आई गेल्यापासून अण्णा एकटे एकटे राहतात, थोडे विसरतात, हवापालटासाठी दोन-तीन महिने तुझ्याकडे पाठवतोय. पत्र वाचताच रत्नप्रभेनं पहिलं काम केलं ते म्हणजे बीजगणिताचं पुस्तक आणि चारही वह्या कपाटावर लपवून ठेवल्या आणि ज्योतीला बजावलं, "आजोबांपुढे माझ्या गणिताचं काही बोलायचं नाही."

"क्यों? आपको आता तो है," ज्योती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"सांगितलं तेवढं ऐक."

अण्णा दिल्लीहून कालका मेलनं आले. तिच्या आठवणीतल्यापेक्षा लहान झाले होते, कोट खांद्यावरून उतरत होता. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी जेवताना त्यांनी सहज विचारलं, "संस्कृतचे तास किती असतात ग तुला?" आणि नात मध्येच म्हणाली, "नानाजी, आई तो मैथ्स पढ़ाती है."

रत्नप्रभेचा हात वाढता वाढता थांबला. अण्णांनी मान वर केली. जेवण झाल्यावर म्हणाले, "वही असेल ना तुझी? दे बघू."

तिनं स्टूलावर चढून वही काढून दिली. वर्गापेक्षा, ग्रेवाल मॅडमपेक्षा, छापलेल्या त्या एकपेक्षाही तिला या क्षणाची जास्त भीती होती. वहीत काय होतं तिला ठाऊक होतं. तिसरीतल्या पोरानं लिहावं तसं 'वजा सात अधिक सात बरोबर शून्य.' आता ते वाचतील आणि हसतील, किंवा हसणारही नाहीत.

दोन दिवस वही त्यांच्याकडेच होती. ती शाळेतून यायची, चहा द्यायची, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायची.

रविवारी सकाळी क्वार्टरच्या मागल्या अंगणात ऊन आलं होतं. अण्णा तिथं खाटेवर शाल घेऊन बसले होते. ती धुणं वाळत घालायला गेली तेव्हा वही त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि ते पेन्सिलीनं लिहीत होते. वाकून बघितलं तर पानभर एकच उदाहरण पाच-सहा वेळा मांडलेलं, आणि प्रत्येक वेळी खोडलेलं. पेन्सिल दाबून कागद फाटला होता.

"अण्णा?"

ते दचकले. वहीवर हात ठेवला, शाळकरी मुलानं ठेवावा तसा. मग हात काढून घेतला.

"रत्ना, क्ष नाहीसा होतोय ग," ते म्हणाले. "दर वेळी नाहीसा होतो. मी मांडतो नीट, आणि तो जातो कुठं तरी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचा खालचा ओठ हलत होता, हात गुडघ्यावर गच्च धरलेले होते. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, पण आतून तो कसा असतो हे तिला चांगलं माहीत होतं. अण्णा घाबरले होते.

"कधीपासून होतंय असं?"

"वर्ष झालं असेल. शेजारची मुलं येत शंका घेऊन. मी डोकं दुखतंय म्हणून परत पाठवायचो. रामकृष्णाला सांगितलं नाही मी. तूही सांगू नकोस." थोडं थांबून म्हणाले, "तुझी वही वाचली तर कळत होतं सगळं. म्हटलं स्वतः करून बघावं."

रत्नप्रभेनं ओलं लुगडं बादलीत परत टाकलं आणि ती खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. उदाहरण तिच्याच वहीतलं होतं. एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज नऊ आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या सत्तावीसनं वाढते. तर ती संख्या कोणती?

"दशकाचा अंक क्ष," अण्णा म्हणाले. "मग एककाचा नऊ वजा क्ष."

"बरोबर."

"मग संख्या झाली क्ष अधिक नऊ वजा क्ष." त्यांनी लिहिलं आणि पेन्सिल थांबली. "बघ. गेला क्ष. नुसते नऊ राहिले."

तिला चूक लगेच दिसली होती. इतकी ढळढळीत, की ओठांवर तेच दोन शब्द आले. ते तिनं गिळले.

"अण्णा, पंचेचाळीस लिहा. त्यातला चार म्हणजे किती?"

"चार."

"चार एककं?"

ते बराच वेळ पंचेचाळीसकडे बघत राहिले. घाई केली की काय होतं ते तिला ठाऊक होतं.

"चाळीस," ते शेवटी म्हणाले. "चार दशक. दहापट."

"मग दशकाचा अंक क्ष असेल तर?"

"दहा क्ष." त्यांनी लिहिलं. "दहा क्ष अधिक नऊ वजा क्ष."

"आता पुढची ओळ. गाळू नका काही."

"नऊ क्ष अधिक नऊ." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवून हो म्हणाली. तसंच उलटी संख्याही मांडली, नव्वद वजा नऊ क्ष. ती पहिलीपेक्षा सत्तावीसनं मोठी, म्हणून नव्वद वजा नऊ क्ष बरोबर नऊ क्ष अधिक छत्तीस. तिथं ते पुन्हा अडकले. "हे पलीकडे..." म्हणाले आणि त्यांना पुढचं आठवेना. डोळे भिरभिरायला लागले.

"पलीकडे काही न्यायचं नाही," ती म्हणाली. "दोन्हीकडे नऊ क्ष मिळवू. इकडे काय उरेल?"

"नव्वद."

"तिकडे?"

"अठरा क्ष अधिक छत्तीस."

दोन्हीकडून छत्तीस वजा केले. चोपन्न बरोबर अठरा क्ष. क्ष तीन. संख्या छत्तीस. एवढ्याला पाऊण तास लागला. ऊन खाटेवरून भिंतीवर गेलं. ताळा त्यांनीच घेतला: तीन अधिक सहा, नऊ. त्रेसष्ट वजा छत्तीस, सत्तावीस. तरीही त्यांनी तो पुन्हा एकदा घेतला.

"तुला मी असं कधी शिकवलं नाही," अण्णा म्हणाले.

नाही म्हणणं खोटं झालं असतं आणि रत्नप्रभेच्यानं हो म्हणवेना.

"वर्गात भीती वाटते का तुला?"

"रोज वाटते."

"मला कधी वाटायची नाही," ते म्हणाले. "म्हणून मुलांना वाटत असेल हे लक्षात आलं नाही. आता माझं नाव विसरीन की काय असं वाटतं." त्यांनी वही मिटली. "उद्या एक घालशील? सोपं घाल."

मार्चपर्यंत ते राहिले. रोज एक उदाहरण. काही दिवस सगळं जमायचं, काही दिवस दुसऱ्या ओळीवरच पेन्सिल थांबायची, आणि जानेवारीनंतर न जमणारे दिवस वाढत गेले. रत्नप्रभेला ते कळत होतं. रात्री झोप लागत नसे. पण उदाहरण घालणं तिनं बंद केलं नाही, आणि संख्या मात्र हळूहळू लहान केल्या, त्यांना कळू न देता. कदाचित त्यांना कळलंही असेल.

अण्णा दीड वर्षानं तासगावातच गेले. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते. तेराव्याला आलेले जुने विद्यार्थी म्हणाले की मास्तरांचं गणित मुलीत उतरलं, तिकडे पंजाबात नाव काढलं तिनं. रत्नप्रभेनं रामकृष्णाकडे पाहिलं. अंगणातलं काही तिनं त्याला सांगितलं नाही.

१९८१ मध्ये चारुदत्तांची बदली भोपाळला होईपर्यंत ती त्याच शाळेत आठवी-नववीला बीजगणित शिकवत होती. तिच्या वर्गातल्या मुली इतर वर्गांपेक्षा सावकाश सोडवायच्या आणि त्यांच्या वह्या लवकर भरायच्या, अशी पालकांची तक्रार असे. नापास मात्र क्वचित कुणी व्हायची. एखादी मुलगी फळ्याशी येऊन थिजली, की आठल्ये मॅडम तिला उत्तर सांगायच्या नाहीत आणि जागेवरही पाठवायच्या नाहीत. शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "इथपर्यंत काय काय माहीत आहे आपल्याला? तेवढंच लिही." मुलगी लिहायची. मग पुढची ओळ.

त्या सात वर्षांत असा एकही दिवस गेला नाही की घंटा झाल्यावर वर्गाच्या दारात तिच्या पोटात गोळा आला नाही. तो यायचा, ती क्षणभर थांबायची आणि आत जायची.